छत्री घेऊ की सॉफ्टबॉक्स? घरातल्या फोटोच्या उजेडाची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

रत्नागिरीहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. मधले 'अं', 'म्हणजे बघा' आणि मागे पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा काढून टाकलाय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न साधारण एकच: "गणपतीला गावी जातोय. आजी-आजोबांचे नीट पोर्ट्रेट काढायचेत. कॅमेरा आहे, वर लावायचा फ्लॅशही आहे. त्याच्यापुढे काय लावू? छत्री, सॉफ्टबॉक्स, ते छोटं प्लास्टिकचं टोपण, की सरळ छतावर मारू?"

आता मी इंजिनिअर माणूस. थेट एका वस्तूचं नाव सांगून मोकळा होऊ शकलो असतो. पण ही वस्तू कुठल्या अडचणीतून जन्माला आली हे कळलं, की आपल्या घरात ती चालेल का हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून आधी इतिहास, मग खरेदी.

सगळ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट

चेहऱ्यावरची सावली कठोर पडणार की मऊ, हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर तो दिवा केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आभाळात जेमतेम अर्धा अंश दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या उन्हात नाकाची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. आषाढात ढग दाटले की सगळं आभाळच दिवा होतं आणि ती सावली शोधावी लागते.

फ्लॅशचं तोंड असतं साधारण सात सेंटिमीटर रुंद. दोन मीटरवरून बघितलं तर तो एक ठिपका. छत्री काय, सॉफ्टबॉक्स काय, त्यांचं मुख्य काम हा ठिपका मोठा करणं. एवढं डोक्यात ठेवा, पुढचा सगळा इतिहास याच्याभोवती फिरतो.

काचेचं छप्पर आणि कापडाचे पडदे

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. सुरुवातीला एका फोटोला भर उजेडातसुद्धा काही मिनिटं लागायची. माणसाचा फोटो काढायचा तर तेवढा वेळ त्यानं दगडासारखं बसायचं. १८४१ च्या मार्चमध्ये लंडनला रिचर्ड बिअर्डनं युरोपातला पहिला सार्वजनिक पोर्ट्रेट स्टुडिओ काढला, तो रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छपरावर. वर काच, आणि काच निळी. निळी का? त्या काळच्या प्लेटला मुख्यतः निळा उजेडच कळायचा. म्हणजे निळ्या काचेमुळे प्लेटचं फारसं नुकसान नाही, आणि समोर बसलेल्या माणसाचे डोळे मात्र दिपत नाहीत. समोरच्या माणसाची सोय बघून उजेडात केलेला हा बदल. मॉडिफायर म्हणून याच्याकडे बघा.

आपल्याकडे ही कला फार उशिरा आली असं समजू नका. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, भायखळ्याच्या म्युझियममुळे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर, आणि त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. सोसायटीच्या कौन्सिलवरही ते होते. एल्फिन्स्टनच्या वर्गातून पुढे आलेले हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ चालवला. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, १८५६ चा. म्हणजे टिळक पाळण्यात होते तेव्हा मुंबईत मराठी माणसं काचेच्या प्लेटवर चेहरे उतरवत होती.

तेव्हाच्या स्टुडिओची रचना साधारण अशी. छपराचा किंवा बाजूच्या भिंतीचा मोठा भाग काचेचा, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे थेट ऊन न येता आभाळाचा उजेड आत येईल. काचेखाली पातळ पांढऱ्या कापडाचे पडदे, दोरीनं सरकवता येणारे. ऊन वाढलं की पडदा ओढायचा, एका गालावर अंधार हवा तर त्या बाजूला काळं कापड. आज आपण ज्याला सॉफ्टबॉक्स म्हणतो तो म्हणजे हाच स्टुडिओ, घडी करून पिशवीत भरलेला. आकार बदलला, आतलं लॉजिक तेच.

एक गंमत सांगतो. 'उत्तरेचा उजेड' हा नियम युरोपातून आला. रत्नागिरी आहे साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावू शकतं. जूनपासून आभाळ भरलेलं असल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही, इतकंच. नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या खिडकीत किती वाजता ऊन येतं ते बघून ठेवा.

त्या जुन्या प्लेटचा एक परिणाम आपल्या घरांतल्या फोटोंवर अजून दिसतो. प्लेटला लाल रंग जवळपास कळतच नव्हता. म्हणून खूप जुन्या फोटोंत बायकांचं कपाळावरचं कुंकू काळं दिसतं, आणि आपली सावळी-गव्हाळ कातडी प्रत्यक्षापेक्षा जास्त काळी. पणजीच्या फोटोकडे बघून "काळी होती गो" असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. तो रंग तिचा नाही, प्लेटचा आहे.

सावंतवाडीच्या चित्रकारानं वापरलेला हात

आता थोडं फोटोतून बाहेर जाऊ, पण कोकणातच राहू. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडीचा. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं, पुढे रत्नागिरी जिल्ह्यात आलं आणि १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे 'ग्लो ऑफ होप', १९४५-४६ चं. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगातलं आहे, हे कळल्यावर माणूस पुन्हा जवळ जाऊन बघतो.

चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची मुलगी. हातात दिवा, आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. दिव्याच्या उजेडानं बोटं लालसर उजळली आहेत. म्हणजे बापानं लेकीचं काढलेलं पोर्ट्रेट, एक दिवा आणि एक हात. दुसरं काही साधन नाही.

फोटो काढणाऱ्यानं या चित्रात काय बघायचं? तो हात दोन कामं करतोय. एक, ज्योत थेट आपल्या डोळ्यांत येऊ देत नाही, त्यामुळे आपलं लक्ष चेहऱ्याकडे जातं. दोन, काही उजेड स्वतःतून गाळून पुढे सोडतो, तो मऊ आणि तांबूस होऊन. उजेड अडवणं, गाळणं आणि वळवणं. सगळ्या मॉडिफायरची मिळून कामं एवढीच. दुकानातली प्रत्येक वस्तू हातात घेतली की विचारायचं: ही यातलं काय करते?

खिशातला सूर्य

काचेच्या छपराची अडचण उघड आहे. संध्याकाळी दुकान बंद, पावसाळ्यात अर्धं बंद, आणि फोटोसाठी माणसानंच स्टुडिओत जायचं. ज्याला उंबरा ओलांडता येत नाही त्याचा फोटो नाही. म्हातारी माणसं, आजारी माणसं, पडद्यातल्या बायका, सगळे बाहेर राहिले. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तिथं फोटो काढणारीही बाईच होती. पण ती सोय शहरातल्या वरच्या घरांची. कोकणातल्या वाडीवर ते कुठून येणार?

म्हणून घरात उजेड घेऊन जायची खटपट सुरू झाली. १८६४ मध्ये मँचेस्टरला आल्फ्रेड ब्रदर्स यांनी मॅग्नेशियमची तार जाळून फोटो काढले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मिठे आणि योहानेस गेडिके यांनी फ्लॅश पावडर तयार केली: मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड. रेसिपी वाचून कळलंच असेल, ही जवळपास फटाक्याचीच दारू. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस यांनी हीच पावडर घेऊन गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले. ती माणसं तिथं कशी राहतात हे बाहेरच्या जगाला त्या फोटोंतून दिसलं. पण या नादात त्यांच्या हातून खोलीला आगही लागली होती. आणि फोटो बघाल तर माणसं दचकलेली, डोळे विस्फारलेले, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. फ्लॅश घरात पोचला, पण काचेखालचा कापडाचा पडदा मागेच राहिला.

१९२९ मध्ये जर्मनीत काचेच्या बंद बल्बमधला फ्लॅश बाजारात आला. धूर गेला, आगीची भीती गेली, पण एक बल्ब एकदाच वापरायचा. १९३१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून पुन्हा पुन्हा चमकणारा फ्लॅश केला. तुमच्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश त्याच घराण्यातला. प्रत्येक टप्प्यावर दिवा लहान होत गेला. आणि दिवा लहान म्हणजे सावली कठोर. छत्री आणि सॉफ्टबॉक्स यांची गरज इथं निर्माण झाली. आपण दिवा खिशात मावेल एवढा केला, आणि मग त्याला परत खिडकीएवढा करायला धडपडतोय.

मुंबईतली दोन उत्तरं

सगळ्यांनाच मऊ उजेड हवा होता असं मात्र नाही. फाळणीनंतर कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला. हिंदी सिनेमाचे त्या काळातले मोठमोठे तारे त्यांच्यासमोर बसले. तिथले दिवे तापणारे, झोत धारदार. कपाळावर आणि गालाच्या हाडावर चकाकी, बाकी सगळं अंधारात. त्या कृष्णधवल फोटोंतला थाट त्या कठोर सावलीमुळेच आला.

दुसरं टोक म्हणजे गौतम राजाध्यक्ष. १९५० चा जन्म, २०११ मध्ये गेले. केमिस्ट्री शिकलेला माणूस, जाहिरात कंपनीत काम केलं, 'चंदेरी' पाक्षिकाचं संपादन केलं, आणि १९८० पासून ताऱ्यांचे फोटो काढायला लागले. 'फेसेस' हे त्यांचं पुस्तक १९९७ चं. त्यांच्या फोटोंत उजेड चेहऱ्यावर पसरतो, कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते कळत नाही.

दोन्ही बरोबर. मग आजीसाठी कुठला? कठोर उजेड बाजूनं आला तर प्रत्येक सुरकुतीला स्वतःची सावली मिळते आणि चेहरा खडकासारखा दिसतो. तोच फ्लॅश थेट समोरून मारला तर सुरकुत्या पुसल्या जातात, पण चेहरा सपाट, कपाळ चमकतंय, आणि मागे रीस यांच्या फोटोतली सावली. मोठा मऊ उजेड थोडा बाजूनं आला की सुरकुत्या राहतात, पण बोचत नाहीत. म्हणून घरच्या पोर्ट्रेटला मऊ उजेडापासून सुरुवात करावी, असं माझं मत.

आता आपलं कौलारू घर

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे फ्लॅश छताकडे वळव. सल्ला चांगलाच आहे, पण त्यात छत पांढरं, सपाट आणि नऊ-दहा फुटांवर आहे असं गृहीत धरलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ते असतं. आपल्या माजघरात वर काय आहे? वासे, रिपा, कौलं, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळवंडलेली. तिथं मारलेला उजेड परत येत नाही. आणि भिंत? गिलावा नसलेल्या जांभ्या दगडावर मारला तर लालसर होऊन येतो, ऑइल पेंटच्या हिरव्या भिंतीवर मारला तर आजी आजारी दिसते. पांढऱ्या चुन्याची भिंत असेल तर मात्र तिच्याइतका चांगला रिफ्लेक्टर नाही, आणि तो फुकट आहे.

ते छोटं प्लास्टिकचं टोपण घेऊ का? त्यानं दिवा मोठा होत नाही, फक्त उजेड चारी बाजूंना उडतो. आसपास पांढऱ्या भिंती असतील तर त्या तो परत पाठवतात आणि फोटो बरा येतो. श्रेय भिंतींचं. कौलाखाली किंवा खळ्यात ते टोपण नुसतंच बॅटरी खातं.

आपल्याकडे छत नाही, म्हणून छत बरोबर न्यायचं. छत्री म्हणजे तेच. साधारण एक मीटर व्यासाची पांढरी छत्री, एक स्टँड आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून चालवायला ट्रिगर, एवढ्यावर बहुतेक घरांत काम होतं. छत्रीतून गाळलेला उजेड सगळीकडे सांडतो. लहान खोलीत तो भिंतींवरून परत येऊन सावल्या उजळतो, ते चांगलं. पण भिंत रंगीत असेल तर तो रंगही घेऊन येतो. तिथं सॉफ्टबॉक्स घ्यावा, कारण तो कडांनी बंद असतो, उजेड पाठवाल तिथंच जातो. मागचं माजघर अंधारात ठेवून फक्त चेहरा उजळायचा असेल तरीही सॉफ्टबॉक्सच.

आकारापेक्षा अंतर जास्त महत्त्वाचं. साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साठ सेंटिमीटरवर आणि एकशेवीसचा एकशेवीसवर, दोन्हींचा मऊपणा सारखाच. लहान घेतलात तर जवळ आणा. जवळ आणला की आणखी एक गोष्ट होते. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे दिवा चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी मागची भिंत अंधारात जाते. मागे टांगलेली कॅलेंडरं, पिशव्या आणि विजेचा बोर्ड आपोआप लपतात. कापडातून गाळताना उजेड साधारण एक ते दोन स्टॉप कमी होतो, म्हणजे निम्मा किंवा पाव उरतो. तेवढी फ्लॅशची ताकद वाढवा.

आजीला चष्मा असेल तर दिवा थोडा वर आणि बाजूला घ्या, नाहीतर काचेत पांढरी छत्री दिसेल. डोळ्यांतही छत्रीचा गोल आणि तिच्या काड्या दिसतात. सॉफ्टबॉक्सचा चौकोन खिडकीसारखा दिसतो, तो मला जास्त आवडतो. आणि पावसाळ्यात सगळं सामान कोरड्या डब्यात ठेवा. कोकणातल्या दमट हवेत छत्रीचा दांडा गंजतो आणि लेन्सला बुरशी धरते.

पैसे खर्च करायच्या आधी

पावसाळ्यातल्या सकाळी दहा वाजता पडवीत जा. समोर ढगांनी भरलेलं अख्खं आभाळ. वरून पडवीचं छप्पर डोक्यावरचा उजेड अडवतं, म्हणून डोळ्यांच्या खोबणीत सावली पडत नाही. उजेड फक्त समोरून आणि बाजूनं येतो. १८४१ पासून फोटोग्राफर काच आणि कापड लावून जे बनवत होते ते इथं तयार आहे. आजीला पडवीच्या कडेपासून हातभर आत बसवा, थोडं तिरकं. आतल्या बाजूला कोणाला तरी आजोबांचं पांढरं धोतर धरून उभं करा, म्हणजे अंधारातला गाल उजळेल. माजघरात काचेचं कौल असेल तर दुपारी त्याच्या उजेडाच्या पट्ट्यात एक पातळ पांढरं कापड ताणून बांधा, त्याखाली माणूस बसवा. झाला स्टुडिओ. फक्त जुना हॅलोजनचा दिवा वापरत असाल तर कापड त्याला टेकवू नका. तो तापतो, आणि रीस यांच्या खोलीत काय झालं ते आठवतंय ना?

हे सगळं जमल्यावरही काही कमी पडलं, म्हणजे संध्याकाळी फोटो काढायचाय किंवा आजीला खोलीतून हलवता येत नाही, तर फ्लॅश आणि छत्री. माझं उत्तर एवढंच आहे. एक पांढरी छत्री, तीही शेवटी.

हे सगळं कशासाठी?

कोकणातल्या घरांमधल्या फोटोंच्या भिंती बघा. मुंबईला गिरणीत असलेल्या चाकरमान्याचा कोट घातलेला स्टुडिओ फोटो असतो. गावी राहून शेती, गुरं आणि सासू-सासरे बघणाऱ्या त्याच्या बायकोचा कित्येकदा एकच असतो: कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. किंवा ओळखपत्रावरचा. त्याला हार घातला जातो, आणि पुढच्या पिढीला आजी तशीच दिसते. ती तशी नव्हती, हे सांगणारी माणसं हळूहळू कमी होत जातात.

पावणेदोनशे वर्षं लोकांनी काच, कापड, दारू, वीज हे सगळं वापरून उजेड घरापर्यंत आणला. आता तो तुमच्या बॅगेत आहे, आणि नसला तरी पडवीत आहे. चांगल्या सॉफ्टबॉक्सची वाट बघत पुढच्या गणपतीवर ढकलू नका. आरती झाली, जेवणं झाली, की दहा मिनिटं काढा. तिला आवडतं ते लुगडं नेसू द्या, केस विंचरू द्या, आणि गप्पा मारता मारता फोटो काढा. एक तरी छापून घ्या, फोनमध्येच ठेवू नका.

काढलेले फोटो मला नक्की पाठवा. सोबत उजेड कुठून घेतला तेही लिहा. पुढच्या भागात भेटू. तोवर लेन्स पुसत राहा, पाऊस चालू आहे!